वातावरणातील नैसर्गिक किरणोत्सर्गी वायू आणि हवामान : एका शोधाचा इतिहास

नायट्रोजन, ऑक्सिजन, आर्गॉन, कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ हे हवेचे घटक शालेय पाठ्यपुस्तकातून सर्वांना परिचित असतात. याच हवेत आणखी एक घटक अत्यल्प प्रमाणात सदैव उपस्थित असतो व त्याची नोंद पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळते. हा घटक म्हणजे जमिनीतून सतत बाहेर पडणारे किरणोत्सर्गी वायू. खडक व मातीतील युरेनियम आणि थोरियम या मूलद्रव्यांच्या विघटन-मालिकांतून ते निर्माण होतात. युरेनियमच्या मालिकेत रेडियमपासून रेडॉन तयार होतो व त्याचे अर्धायुष्य ३.८२ दिवस असते. थोरियमच्या मालिकेतील थोरॉनचे अर्धायुष्य सुमारे ५६ सेकंद, तर ॲक्टिनियमच्या मालिकेतील ॲक्टिनॉनचे जेमतेम ४ सेकंद. थोरॉन व ॲक्टिनॉन जमिनीपासून फार दूर जाण्यापूर्वीच संपतात. हवेबरोबर शेकडो किलोमीटर प्रवास करण्याइतका वेळ फक्त रेडॉनला मिळतो.

या वायूंचा शोध विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर लागला. त्यांचे मोजमाप सुरू होताच वारा, पाऊस, बर्फ, वायुदाब व दिवसाची वेळ यांनुसार आकडे बदलतात असे संशोधकांना दिसून आले. आरंभीच्या काळात हा बदल म्हणजे मोजमापातील त्रासदायक अडथळा वाटला. पुढे हाच अडथळा हवेच्या हालचाली ओळखण्याचे साधन ठरला. या परिवर्तनाचा इतिहास आणि त्यातून मिळणारा बोध यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रयोगशाळेतील वाऱ्याची झुळूक

या इतिहासाचा आरंभच एका झुळकीने झाला, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. १८९९ साली कॅनडातील माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक आर. बी. ओवेन्स हे थोरियमच्या किरणोत्सर्गाचे मापन करीत होते. युरेनियमचे मापन स्थिर राहत असे. थोरियमचे मात्र दार उघडले किंवा खोलीत हवा हलली की बदलत असे. ओवेन्स यांचे सहकारी अर्नेस्ट रदरफर्ड यांनी या चंचलपणाचा पाठपुरावा केला. थोरियमच्या संयुगांतून वायूसारखा एक किरणोत्सर्गी पदार्थ बाहेर पडतो, तो हवेच्या प्रवाहाबरोबर वाहून जातो आणि सुमारे एका मिनिटात निम्मा होतो, असे त्यांनी जानेवारी १९०० मध्ये प्रसिद्ध केले. या पदार्थाला त्यांनी 'एमनेशन' असे नाव दिले. ज्या लॅटिन धातूपासून हा शब्द आला त्याचा अर्थच 'वाहत बाहेर येणे' असा आहे.

त्याच वर्षी जर्मनीतील हाले येथे फ्रीड्रिख डॉर्न यांना रेडियमपासूनही असाच पदार्थ निघतो असे आढळले. १९०१ मध्ये रदरफर्ड आणि त्यांची विद्यार्थिनी हॅरियट ब्रुक्स यांनी हा पदार्थ म्हणजे जड अणूंचा वायूच आहे, हे त्याच्या विसरणाच्या वेगावरून दाखवून दिले. पुढे रदरफर्ड आणि फ्रेडरिक सॉडी यांनी द्रवरूप हवेच्या थंडाव्यात तो गोठवून दाखविला व तो निष्क्रिय वायूंच्या गटातील असल्याचे निश्चित केले. विल्यम रॅम्से यांनी त्याला 'निटॉन' म्हटले. १९२३ नंतर 'रेडॉन' हे नाव रूढ झाले.

रदरफर्ड यांनी मापनातील चंचलपणा चूक म्हणून टाकून दिला नाही, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. आकडा का हलतो, हा प्रश्न त्यांनी विचारला. या क्षेत्रातील पुढील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचे पाऊल याच प्रश्नातून पडलेले दिसते.

दोन शिक्षक आणि अंगणातील तार

प्रयोगशाळेतील हा वायू बाहेरच्या मोकळ्या हवेतही आहे हे सिद्ध करण्याचे श्रेय दोन शाळाशिक्षकांकडे जाते. युलिउस एल्स्टर (१८५४-१९२०) आणि हान्स गाइटेल (१८५५-१९२३) हे बालपणापासूनचे मित्र जर्मनीतील वोल्फेनब्युटेल या लहान गावातील माध्यमिक शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवीत असत. शाळेचे काम सांभाळून, स्वतःच्या घरातील प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर संशोधन केले. प्रकाशविद्युत घट ही त्यांचीच देणगी होय. नोबेल पारितोषिकासाठी त्यांची नावे अनेकदा सुचविली गेली. तथापि ते अखेरपर्यंत शाळाशिक्षकच राहिले.

बंद भांड्यातील स्वच्छ, कोरड्या हवेतून विजेचा भार हळूहळू का ओसरतो, हा त्या काळातील एक कूटप्रश्न होता. हवेत आयन म्हणजे विद्युतभारित कण सतत तयार होत असले पाहिजेत, हे गाइटेल आणि इंग्लंडमध्ये चार्ल्स विल्सन यांनी स्वतंत्रपणे दाखविले होते. हे आयन निर्माण कोण करते? या प्रश्नाच्या शोधात एल्स्टर व गाइटेल यांनी १९०१ साली एक अत्यंत साधा प्रयोग केला. घराबाहेर मोकळ्या हवेत त्यांनी एक लांब तार टांगली, तिला हजारो व्होल्टचा ऋणभार दिला आणि काही तास तशीच ठेवली. नंतर ती तार गुंडाळून विद्युत्‌दर्शकाजवळ आणली असता त्याचा भार वेगाने ओसरू लागला. म्हणजेच तार किरणोत्सर्गी झाली होती. तारेवरील हा अदृश्य थर भिजविलेल्या चामड्याने पुसून काढता येत असे आणि त्याची शक्ती साधारण अर्ध्या तासात निम्मी होत असे.

आजच्या ज्ञानानुसार या प्रयोगाचा अर्थ असा : रेडॉनच्या विघटनातून पोलोनियम, शिसे व बिस्मथ यांचे अल्पायुषी किरणोत्सर्गी अणू तयार होतात. हे घन पदार्थांचे अणू आरंभी धनभारित असल्यामुळे ऋणभारित तारेकडे खेचले जातात. त्यांतील शिशाच्या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे २७ मिनिटे आणि बिस्मथचे सुमारे २० मिनिटे आहे. त्या शिक्षकांना आढळलेला 'अर्धा तास' यांतूनच येतो.

त्यानंतर त्यांनी हार्त्स पर्वतातील गुहांमधील हवा तपासली. जेथे हवा कोंडलेली असते तेथे ती अधिक किरणोत्सर्गी असते, असे त्यांना आढळले. मातीत नळी खुपसून वर ओढलेली हवा तर उघड्यावरील हवेपेक्षा कितीतरी अधिक प्रभावी निघाली. याच सुमारास केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांना नळाच्या पाण्यात असा वायू मिळाला. वातावरणातील किरणोत्सर्गाचा उगम जमिनीत आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

हवामानाचा हात

तारेचा प्रयोग स्वस्त व सोपा असल्यामुळे तो लवकरच अनेक देशांत होऊ लागला. परंतु आकडे एका ठिकाणी एक तर दुसऱ्या ठिकाणी वेगळे येऊ लागले. उत्तर समुद्रातील युइस्ट या बेटावर वोल्फेनब्युटेलपेक्षा बरेच कमी, तर बव्हेरियातील आल्प्सच्या पायथ्याशी बरेच अधिक. एकाच ठिकाणीही दिवसागणिक मोठा फरक पडत असे. हवेचा दाब घसरू लागला की प्रमाण वाढते, असे एल्स्टर व गाइटेल यांच्या लक्षात आले. वरून दाब कमी झाला की मातीच्या छिद्रांतील हवा बाहेर ओढली जाते आणि तिच्याबरोबर किरणोत्सर्गी वायू वर येतो, असे या घटनेचे स्पष्टीकरण देण्यात आले. जमीन जणू श्वासोच्छ्वास करते, ही कल्पना त्या काळात फार आकर्षक ठरली.

१९०२ मध्ये चार्ल्स विल्सन यांनी या विषयात आणखी एक पैलू जोडला. नुकतेच पडलेले पावसाचे पाणी भांड्यात आटवून तळाशी उरलेला साका तपासला असता तो किरणोत्सर्गी आढळला व त्याची शक्तीही सुमारे अर्ध्या तासात निम्मी झाली. कॅनडात ताज्या बर्फाविषयीही असेच दिसून आले. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पाऊस रेडॉन वायूला फारसा धुऊन काढत नाही. धुळीच्या व बाष्पाच्या सूक्ष्म कणांना चिकटलेले रेडॉनचे अपत्य-अणू मात्र तो खाली आणतो. त्यामुळे पाऊस पडताच जमिनीलगतचा गॅमा किरणोत्सर्ग काही काळ वाढतो आणि पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत पूर्ववत होतो.

हवामानाच्या प्रभावाचा वर्षभर पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत जॉर्ज सिम्पसन यांचे नाव अग्रभागी आहे. १९०३-०४ मध्ये या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने नॉर्वेच्या अतिउत्तरेकडील कारास्योक या लॅपलँडमधील खेड्यात मुक्काम केला. तेथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही आणि जमीन बर्फाखाली गोठलेली असते. अशा ठिकाणी जमिनीतून वायू कमी निघावा व हवेतील प्रमाणही कमी असावे, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात मात्र कारास्योकची सरासरी वोल्फेनब्युटेलपेक्षा कितीतरी अधिक निघाली. दिवसातील वेळेचाही परिणाम दिसला. पहाटे प्रमाण अधिक आणि मध्यान्ही कमी असे.

या विरोधाभासाचे उत्तर जमिनीत नसून हवेत होते. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड व जड होते आणि खालीच बसून राहते. हवामानशास्त्रात याला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. अशा स्थिर हवेत जमिनीतून निघालेला थोडासा वायूही साचत जातो. सूर्य वर आला की जमीन तापते, हवा उसळू लागते आणि तोच वायू शेकडो मीटर उंचीपर्यंत पसरून विरळ होतो. ध्रुवीय रात्रीत सूर्यच नसल्याने ही घुसळण दीर्घकाळ होत नाही.

याच सिम्पसन यांचा पुढे भारताशी निकटचा संबंध आला. १९०६ मध्ये ते भारतीय हवामान खात्यात शिमला येथे रुजू झाले व तेथे त्यांनी पावसाच्या थेंबांवरील विद्युतभाराचे प्रसिद्ध संशोधन केले. याच सेवेत असताना ते १९१० मध्ये कॅप्टन स्कॉट यांच्या अंटार्क्टिक मोहिमेबरोबर गेले. जहाजावरून त्यांनी चार्ल्स राइट यांच्यासह महासागरावरील हवेच्या विद्युत गुणधर्मांचे मापन केले. पुढे १९२० मध्ये ते ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले.

एका कारणाचा मोह

मॅकगिल विद्यापीठातच आर्थर ईव्ह यांनी मापनाची अधिक खात्रीशीर पद्धत वापरली. नारळाच्या करवंटीचा कोळसा हा वायू शोषून घेतो, हे तोपर्यंत कळले होते. ईव्ह यांनी अशा कोळशातून बाहेरची हवा दीर्घकाळ ओढली, नंतर कोळसा तापवून वायू मोकळा केला आणि त्याची तुलना ज्ञात वजनाच्या रेडियमपासून मिळणाऱ्या वायूशी केली. एका घनमीटर हवेतील वायू हा एका ग्रॅमच्या अब्जांशाच्याही दहाव्या भागाहून कमी रेडियमशी समतोल राखणारा आहे, असे या पद्धतीने दिसून आले. इतकी सूक्ष्म मात्रा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोजली गेली, ही बाब विलक्षण होय. (पुढे १९१० च्या ब्रुसेल्स परिषदेत 'क्युरी' हे एककही मुळात एका ग्रॅम रेडियमशी समतोल राखणाऱ्या वायूच्या मात्रेवरूनच ठरविण्यात आले.)

माँट्रियलमधील ईव्ह यांचा निष्कर्ष असा होता की जोरदार पाऊस किंवा झपाट्याने बर्फ वितळविणारे खोल चक्रावात जवळ आले की प्रमाण वाढते, तर कोरड्या अथवा कडाक्याच्या थंडीच्या प्रत्यावर्ती स्थितीत ते घटते. कारास्योकचा अनुभव पाहता शांत, थंड हवेत प्रमाण वाढावयास हवे होते. दोघांपैकी कोण चुकले?

वस्तुतः कोणीही चुकले नव्हते. हवेतील प्रमाण किमान पाच गोष्टींच्या बेरीज-वजाबाकीतून ठरते. पहिली, खडकांतील युरेनियम व थोरियमचे प्रमाण. दुसरी, मातीची अवस्था. कोरड्या, भेगाळलेल्या मातीतून वायू सहज निघतो, तर चिंब किंवा गोठलेली माती त्याला अडविते. तिसरी, वायुदाबातील चढउतार. चौथी, हवेची उभी घुसळण, म्हणजेच दिवसाची वेळ, ऊन व वारा. पाचवी आणि बहुधा सर्वांत प्रभावी म्हणजे हवा कोठून आली, जमिनीवरून की समुद्रावरून. माँट्रियलमध्ये गोठलेली जमीन मोकळी होणे हे निर्णायक ठरले असेल, तर कारास्योकला हवेची स्थिरता. एका ठिकाणचा नियम दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लागू करणे ही या काळातील अनेकांची चूक होती. वायुदाबाचे स्पष्टीकरण खोटे नव्हते, पण अपुरे होते.

आकाशातून आलेले उत्तर

या वायूंनी विज्ञानाच्या इतिहासात आणखी एक भूमिका बजावली. हवेतील आयन निर्माण होण्याचे संपूर्ण कारण जमीन व जमिनीतून निघणारे वायू हेच आहे, असा समज दहा वर्षे प्रबळ होता. तो तपासण्यासाठी नेदरलँड्समधील व्हाल्केनबुर्ग येथील जेझुइट विद्यालयात भौतिकशास्त्र शिकविणारे फादर थिओडोर वुल्फ यांनी स्वतः बनविलेले सुबक विद्युत्‌मापक १९१० मध्ये पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर नेले. सुमारे ३०० मीटर उंचीवर जमिनीकडून येणारे किरण जवळजवळ नाहीसे व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात एका घन सेंटिमीटरमध्ये दर सेकंदाला निर्माण होणाऱ्या आयनांची संख्या ६ वरून फक्त ३.५ पर्यंत उतरली.

इटलीतील दोमेनिको पाचिनी यांनी १९११ मध्ये समुद्राच्या पाण्याखाली तीन मीटर खोलीवर उपकरण बुडवून मापन केले. तेथे किरणोत्सर्ग पृष्ठभागापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. काही भाग वरूनच येत असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अखेर ७ ऑगस्ट १९१२ रोजी ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस बलूनमधून ५,३०० मीटरहून अधिक उंचीवर गेले. आरंभी आयनीभवन थोडे घटले, पण पुढे ते वाढतच गेले आणि सर्वोच्च टप्प्यावर जमिनीवरील पातळीच्या कितीतरी पुढे गेले. विश्वकिरणांचा शोध लागला होता. त्यासाठी हेस यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हवेतील किरणोत्सर्गी वायूंचा वाटा आणि हवामानाचा त्यावरील परिणाम नीट वजा केल्याशिवाय हा निष्कर्ष पक्का होऊ शकला नसता.

अडथळ्याचे साधन झाले

महासागरावरील मोजमापांनी चित्र पूर्ण केले. १९०९ मध्ये जलावतरण झालेल्या 'कार्नेगी' या लोहरहित संशोधन जहाजावरील निरीक्षणांतून किनाऱ्यापासून दूर गेल्यावर हवेतील रेडॉन जमिनीवरील प्रमाणाच्या अगदी अल्प अंशावर येतो, असे दिसून आले. जमिनीच्या एका चौरस सेंटिमीटरमधून सरासरीने दर सेकंदाला रेडॉनचा सुमारे एक अणू बाहेर पडतो. समुद्रातून निघणारे प्रमाण त्याच्या सुमारे शतांश असते. रेडॉन निष्क्रिय आहे. तो पावसात विरघळून नाहीसा होत नाही व अन्य पदार्थांशी संयोग पावत नाही. त्याचा क्षय केवळ काळानुसार होतो. म्हणून जमिनीवरून निघालेली हवा समुद्रावर चार दिवस राहिली की तिच्यातील रेडॉन निम्म्याने, आठ दिवसांनी पाव आणि बारा दिवसांनी सुमारे अष्टमांश उरतो. हवेच्या प्रत्येक झोताजवळ जणू स्वतःचे घड्याळ असते.

या घड्याळाचा उपयोग भारतीय संशोधकांनी मोसमी वाऱ्यांसाठी करून पाहिला. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा यांच्या विश्वकिरण संशोधनाच्या परंपरेतून भूभौतिकीचा एक गट विकसित झाला होता. देवेंद्र लाल व रामा हे या गटातील शास्त्रज्ञ विश्वकिरणांमुळे हवेत तयार होणाऱ्या समस्थानिकांचा अभ्यास करीत असत. रामा यांनी नैसर्गिक रेडॉनच्या साहाय्याने मोसमी प्रवाहाचा माग काढण्याचा प्रयत्न केला व त्याविषयीचा त्यांचा निबंध १९७० मध्ये एका अमेरिकी भूभौतिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यामागील तर्क सरळ आहे. पावसाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येणारी हवा दक्षिण गोलार्धातील महासागरावरून अनेक दिवस प्रवास करून आली असेल, तर तिच्यात रेडॉन नगण्य असेल. ती आफ्रिका किंवा अरबस्तानच्या भूमीवरून नुकतीच निघाली असेल, तर तिच्यात रेडॉनचा अंश टिकून असेल. हवेच्या वंशावळीचा असा पुरावा केवळ वाऱ्याची दिशा पाहून मिळत नाही.

मुंबईसारख्या किनारी शहरात हे ऋतुचक्र ठळकपणे दिसते. पावसाळ्यात समुद्रावरून येणाऱ्या हवेत रेडॉन कमी, तर हिवाळ्यात देशाच्या अंतर्भागाकडून येणाऱ्या हवेत अधिक. पुणे येथे झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांत पहाटे सर्वाधिक व दुपारी सर्वांत कमी असे चक्र स्पष्टपणे नोंदले गेले. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी कारास्योकला दिसलेली गोष्ट सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारावरही तितकीच खरी ठरली.

आज टास्मानियातील केप ग्रिम येथे वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड व अन्य वायूंचे मापन करताना रेडॉनची पातळी पाहिली जाते. रेडॉन अगदी कमी असेल तरच ती हवा दीर्घकाळ महासागरावरून आलेली, म्हणजे जवळच्या भूमीच्या प्रभावापासून मुक्त मानली जाते. जागतिक हवामानाची संगणकीय प्रारूपे हवा योग्य रीतीने वर-खाली हलवतात की नाही, याची चाचणीही १९९० च्या दशकापासून रेडॉनच्या आधारे घेतली जाते. ओवेन्स यांच्या खोलीतील झुळकीने ज्याचे मापन बिघडविले, तोच वायू आता झुळकीचे मापन करतो.

आकड्यामागील माणूस

हा विषय केवळ वातावरणशास्त्राचा नाही. मध्य युरोपातील खाणकामगारांचा फुप्फुसाचा जीवघेणा आजार सोळाव्या शतकापासून ज्ञात होता. श्नेबर्ग येथील खाणकामगारांतील हा आजार म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग आहे, असे १८७९ मध्ये दाखविण्यात आले. कोंडलेल्या हवेतील रेडॉन व त्याचे अपत्य-अणू श्वासावाटे आत जाऊन फुप्फुसात विघटन पावतात, हे त्याचे प्रमुख कारण होय. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरविले. उघड्या हवेतील रेडॉनची जागतिक सरासरी घनमीटरमागे सुमारे १० बेक्वेरेल व घरांतील सुमारे ४० बेक्वेरेल मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी १०० बेक्वेरेल ही संदर्भ पातळी सुचविली. तेथील परिस्थितीमुळे ती शक्य नसेल तर ३०० च्या पुढे जाऊ नये, असे म्हटले. फुप्फुसाच्या कर्करोगापैकी ३ ते १४ टक्के रुग्णांच्या बाबतीत रेडॉन कारणीभूत असावा, असा तिचा अंदाज आहे. धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका कितीतरी अधिक असतो.

या ठिकाणी इतिहासाचा धडा प्रत्यक्ष उपयोगी पडतो. एखाद्या घरात दारे-खिडक्या उघड्या ठेवून दुपारी घेतलेला एक आकडा समाधानकारक असू शकेल आणि त्याच घरात हिवाळ्याच्या पहाटे, दारे बंद असताना, तो अनेक पटींनी अधिक असू शकेल. म्हणून घरातील रेडॉनचे मापन काही महिने, शक्य तर वर्षभर, चालू ठेवण्याची शिफारस केली जाते. याच्या उलट, पावसाच्या सरीनंतर किरणोत्सर्ग-मापकाचा काटा थोडा वर चढला म्हणून एखाद्या अणुभट्टीत अपघात झाला असे समजणेही चुकीचे ठरेल. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर अनेक देशांनी मापन केंद्रांची जाळी उभारली. तेथील तज्ज्ञांना नैसर्गिक पावसाळी वाढ आणि खरा धोका यांतील भेद सतत करावा लागतो. हा भेद करण्याचे सूत्र, म्हणजे अर्ध्या तासाने निम्मे होणारी शक्ती, १९०१-०२ मध्येच हाती आले होते.

दख्खनच्या पठाराचा बेसॉल्ट, इंदूरच्या परिसरातील माळव्याचा काळा खडक आणि हैदराबादचा ग्रॅनाइट यांतही फरक आहे. ग्रॅनाइटमध्ये सामान्यतः बेसॉल्टपेक्षा युरेनियम व थोरियम अधिक असते. परंतु केवळ खडकावरून घरातील हवेविषयी निष्कर्ष काढता येत नाही. माती, जमिनीतील भेगा, बांधकाम, खिडक्या, ऋतू आणि पहाटेची थंडी या सर्वांचा हिशेब मांडावा लागतो.

समारोप

वातावरणातील किरणोत्सर्गी वायूंचा इतिहास पाहता तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मापनातील अनियमितता ही नेहमीच चूक नसते. तिच्यामागे एखादे न ओळखलेले कारण दडलेले असते. दुसरी, गुंतागुंतीच्या घटनेला एकच कारण चिकटविण्याचा मोह आवरला पाहिजे. वायुदाबाने जे समजत नव्हते ते हवेच्या स्थिरतेने समजले आणि त्यानेही जे उरले ते हवेच्या प्रवासमार्गाने. तिसरी, हवेतील किरणोत्सर्गाचा कोणताही आकडा ठिकाण, ऋतू, तास व हवामान यांच्या नोंदीशिवाय अर्धवट असतो.

या शोधाचा पाया घालणाऱ्यांत विद्यापीठांतील नामवंत संशोधक होते, तसेच एका लहान गावातील दोन शाळाशिक्षक आणि एका विद्यालयात शिकविणारे फादरही होते. त्यांच्याकडे मोठी साधनसामग्री नव्हती. एक तार, एक विद्युत्‌दर्शक, करवंटीचा कोळसा, आणि रोज ठरावीक वेळी नोंद ठेवण्याची शिस्त एवढ्यावर बरेचसे काम झाले. महाविद्यालयाच्या आवारात तापमापक, वायुदाबमापक आणि पर्जन्यमापक बहुधा असतातच. त्यांच्या शेजारी किरणोत्सर्गाचे एक साधे मापक ठेवून, पहाट व दुपार, कोरडा दिवस व पावसाचा दिवस यांच्या नोंदी विद्यार्थ्यांकडून वर्षभर करून घेता येतील. पहिल्या सरीबरोबर काटा वर जाताना आणि काही तासांनी खाली येताना विद्यार्थ्यांनी स्वतः पाहिला, तर पाठ्यपुस्तकातील 'अर्धायुष्य' हा शब्द त्यांना पुन्हा समजावून सांगावा लागणार नाही.